बाटलीतले पांढरे पाणी: हृदयाच्या ऑपरेशननंतर लसिका का गळते?

हृदयाचे ऑपरेशन झालेल्या मुलाच्या छातीतून एक नळी बाहेर काढून पलंगाखालच्या बाटलीत सोडलेली असते. पहिल्या दिवशी तिच्यात लालसर पाणी उतरते, पुढे ते गुलाबी आणि मग फिकट पिवळे होत जाते, रोजचे प्रमाण घटते, आणि आता नळी निघणार म्हणून नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत तसेच घडते. थोड्या मुलांच्या बाबतीत मात्र तोंडाने दूध सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत बाटलीतले पाणी पांढरट होऊ लागते आणि प्रमाण कमी व्हायचे सोडून वाढते. नाशिकहून मुलाला मुंबईला घेऊन गेलेले वडील अशा वेळी घरी फोन करून सांगतात, “बाटलीत दूध उतरतंय.” इकडे घरी समज होतो की दूध चुकून फुफ्फुसात गेले, पाजणाऱ्याचेच काही चुकले. आई स्वतःला दोष देत बसते.

बाटलीत उतरलेले ते पाणी दूध नसते आणि पाजण्यातही काही चुकलेले नसते. ते नेमके काय असते, कुठून येते आणि थांबते कसे, हे या लेखात सांगायचे आहे. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाल्यापासून अंगणवाड्या आणि शाळांतल्या तपासण्यांत हृदयाचे जन्मजात दोष पूर्वीपेक्षा लवकर ध्यानात येतात आणि ऐपत नसलेल्या घरांतल्या मुलांनाही शस्त्रक्रिया मिळू शकते. त्याबरोबर डिस्चार्ज कार्डावर ‘कायलोथोरॅक्स’ असा शब्द घेऊन नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याला किंवा पेठला परतणारी एखाददुसरी कुटुंबेही असणारच. तो शब्द समजावून सांगायला गावात कोणी नसते.

शरीरातले चर

रक्त शुद्ध रक्तवाहिन्यांतून अवयवांपर्यंत जाते आणि अशुद्ध रक्तवाहिन्यांतून, म्हणजे शिरांतून, हृदयाकडे परत येते, एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. या दोहोंना जोडणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातले थोडे पाणी आणि थोडी प्रथिने सतत आजूबाजूच्या पेशींच्या मधल्या जागेत झिरपत असतात, हा भाग बहुधा राहून जातो. हे झिरपलेले पाणी उचलून पुन्हा रक्तात नेऊन सोडणारी एक स्वतंत्र व्यवस्था शरीरात आहे. त्या पाण्याला लसिका म्हणतात आणि ते वाहून नेणाऱ्या नाजूक नळ्यांना लसिकावाहिन्या.

निफाड किंवा कोपरगावकडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. कालव्याचे पाणी वर्षानुवर्षे मिळाले आणि निचऱ्याचे चर काढले नाहीत, तर चांगली काळी जमीन चिबड होते. शरीरातल्या लसिकावाहिन्या म्हणजे असे चरच आहेत. ते तुंबले की अंग सुजते, आणि फुटले की पाणी नको तिथे साचते. या वाहिन्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी लसिकाग्रंथी असतात. पायाला ठेच लागून पू झाला की जांघेत जे अवधाण येते, ती तिथली सुजलेली लसिकाग्रंथीच असते. म्हणजे या व्यवस्थेची ओळख आपल्याला आहे, फक्त नावाने नाही.

पोट, दोन्ही पाय, डावा हात आणि छाती, डोके, मान यांची डावी बाजू एवढ्या मोठ्या भागाची लसिका शेवटी एकाच मुख्य वाहिनीत जमा होते. तिला वक्षनलिका म्हणतात. कमरेच्या वरच्या मणक्यांसमोर ती सुरू होते, मणक्यांना लागून छातीतून वर चढते आणि मानेच्या तळाशी, डाव्या बाजूला, हात आणि मान यांच्याकडून येणाऱ्या दोन मोठ्या शिरांच्या संगमावर रक्तात मिसळते. तिची रुंदी अवघी दोन-तीन मिलिमीटर असते. तरीही प्रौढ माणसात तिच्यातून रोज साधारण दीड ते अडीच लिटर लसिका वाहते. आपल्या रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रवभाग सुमारे तीन लिटर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या बारीक नळीचे महत्त्व कळते.

पांढरा रंग कुठून आला

१६२२ साली इटलीत गास्पारे असेली या शरीरशास्त्रज्ञाने एका कुत्र्याचे विच्छेदन करताना त्याच्या आतड्याला धरून असलेल्या पडद्यात पांढऱ्या बारीक रेषा पाहिल्या. त्या मज्जातंतू असाव्यात असे त्याला वाटले, पण छेद देताच त्यांतून दुधासारखा द्रव बाहेर आला. त्या कुत्र्याने नुकतेच भरपेट खाल्ले होते. उपाशी कुत्र्यात मात्र त्याला त्या रेषा सापडल्या नाहीत. जवळजवळ तीस वर्षांनी, १६५१ मध्ये, फ्रान्सच्या झाँ पेके याने हा पांढरा द्रव आतड्याकडून वक्षनलिकेमार्गे मानेजवळच्या शिरांत जातो असे दाखवून दिले.

असेलीने पाहिले तेच आज पलंगाखालच्या बाटलीत दिसते. आपण खातो त्यातली साखर आणि प्रथिने पचल्यावर आतड्यातून थेट रक्तात जाऊन यकृताकडे पोचतात. तूप, तेल, साय, शेंगदाणे यांतल्या स्निग्ध पदार्थांचे तसे नसते. त्यांचे कण मोठे असल्याने ते रक्तवाहिन्यांत शिरत नाहीत, तर आतड्यातल्या लसिकावाहिन्यांच्या वाटेने वर जातात, आणि त्यांच्यामुळे लसिका दुधाळ होते. अशा दुधाळ लसिकेला डॉक्टर ‘काइल’ म्हणतात, आणि ती छातीत फुफ्फुसाभोवती साचली की त्या अवस्थेला ‘कायलोथोरॅक्स’. मूल उपाशी असताना हेच पाणी पिवळसर आणि स्वच्छ दिसते. म्हणूनच गळती आधीपासून चालू असली, तरी दूध सुरू होईपर्यंत ती कुणाच्या ध्यानात येत नाही.

ऑपरेशननंतर वाट का बिघडते

मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांनंतर कायलोथोरॅक्स होण्याचे प्रमाण बहुतेक अहवालांत शंभरात दोन ते पाच असे आढळते. त्याची कारणे मुख्यतः तीन आहेत आणि ती वेगवेगळी ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण उपचार त्यावरच ठरतात.

पहिले कारण इजा. महाधमनीच्या कमानीजवळ किंवा हृदयासमोरच्या थायमस ग्रंथीच्या परिसरात काम करताना वक्षनलिका किंवा तिची एखादी फांदी कापली जाऊ शकते. दुसरे कारण मुखाशी झालेला अडथळा. अतिदक्षता विभागात मानेच्या शिरेत औषधांसाठी नळी घालावी लागते, तिच्याभोवती कधी रक्ताची गुठळी धरते, आणि ती नेमकी वक्षनलिकेच्या संगमावर असली तर लसिकेला बाहेर पडायला वाट उरत नाही.

तिसरे कारण शिरांतला वाढलेला दाब. हे समजायला नाशिककराला दूर जायला नको. सराफ बाजारातून जमिनीखालून वाहणारा सरस्वती नाला एरवी गुपचूप गोदावरीला मिळतो, इतका गुपचूप की त्याचे अस्तित्व अनेकांना ठाऊकही नसते. पण पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी चढू लागले, की त्याच वेळी शहरात पडणाऱ्या पावसाचे नाल्यात आलेले पाणी नदीत शिरत नाही, ते मागे फिरते आणि बाजारात दुकानांच्या पायऱ्या चढते. नाला कुठे फुटलेला नसतो, नदीच त्याला घेत नसते. हृदयाची उजवी बाजू थकली किंवा तिच्यापुढचा मार्ग अरुंद असला की शिरांतला दाब असाच वाढतो, आणि वक्षनलिकेतली लसिका मागे फिरून छातीतल्या बारीक वाहिन्यांतून पाझरू लागते.

याशिवाय काही मुलांची लसिकाव्यवस्था जन्मतःच वेगळी असते. डाउन, टर्नर किंवा नूनन सिंड्रोम असलेल्या मुलांत हृदयदोष आणि लसिकावाहिन्यांचा दोष एकत्र आढळू शकतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत डॉक्टर आधीपासूनच सावध असतात.

एकाच पंपाचे हृदय आणि कायमचा पूर

लसिकेच्या तक्रारी ज्या शस्त्रक्रियेशी सर्वांत जास्त जोडल्या गेल्या आहेत, तिच्याविषयी जरा सविस्तर सांगणे भाग आहे. काही मुले हृदयाचा एकच कप्पा नीट वाढलेला घेऊन जन्माला येतात. एरवी हृदयाचा उजवा पंप अशुद्ध रक्त फुफ्फुसांत ढकलतो आणि डावा पंप शुद्ध रक्त अंगभर पाठवतो. या मुलांकडे दोन पंप नसतात आणि दुसरा बनवताही येत नाही. फ्रान्समधल्या बोर्दो येथील सर्जन फ्रान्सिस फाँटन यांनी १९६८ मध्ये यावर एक धाडसी मार्ग काढला आणि १९७१ मध्ये तो प्रसिद्ध केला: असलेला एकमेव पंप पूर्णपणे अंगाच्या सेवेला द्यायचा, आणि शिरांतले अशुद्ध रक्त पंपाशिवायच थेट फुफ्फुसांत वाहू द्यायचे. आज ही शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने करतात. बाळ काही महिन्यांचे असताना शरीराच्या वरच्या भागातून येणारी मोठी शीर फुफ्फुसाच्या धमनीला जोडतात, त्याला ग्लेन शस्त्रक्रिया म्हणतात. साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात खालची शीरही जोडली की फाँटन पूर्ण होते.

यामुळे निळी पडणारी मुले गुलाबी होतात, शाळेत जातात, मोठी होतात. पण पंपाशिवाय रक्त पुढे सरकायचे तर शिरांतला दाब फुफ्फुसातल्या दाबापेक्षा जास्त राहिलाच पाहिजे. निरोगी माणसात हा दाब पाऱ्याच्या मोजमापात साधारण पाचच्या आसपास असतो, तो फाँटननंतर दहा ते पंधरा मिलिमीटर असतो, आणि आयुष्यभर तसाच राहतो. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला बाराही महिने पाणी असल्यासारखी ही स्थिती आहे. ग्लेनच्या टप्प्यावरच वरच्या शिरांतला दाब वाढतो आणि वक्षनलिका नेमकी तिथेच उघडते. फाँटननंतर खालचा दाबही वाढतो आणि यकृत रक्ताने तुंबते. यकृत आणि आतडी हेच लसिकेचे सर्वांत मोठे उगम असल्याने तुंबलेले यकृत जास्त लसिका तयार करते. म्हणजे नाल्यात पाणी वाढते त्याच वेळी नदी ते घ्यायला तयार नसते. बहुतेक मुलांचे शरीर हा भार वर्षानुवर्षे पेलते. काहींच्या वाहिन्या मात्र फुगून आडवाटा काढतात, आणि ती आडवाट कुठे उघडते त्यावर आजाराचे रूप ठरते.

एकच गळती, तीन चेहरे

ही आडवाट फुफ्फुसाभोवती उघडली तर कायलोथोरॅक्स, तो पहिला चेहरा वर आलाच आहे. हृदयाभोवतीच्या आवरणात किंवा पोटातही असेच पाणी साचू शकते.

दुसरा चेहरा श्वासनलिकांतला. लसिका फुफ्फुसातल्या श्वासनलिकांत पाझरली, तर तिच्यातली प्रथिने तिथे गोठतात आणि श्वासनलिकेच्या फांद्यांचा हुबेहूब साचा तयार होतो. जोराच्या खोकल्याबरोबर मूल एखाद दिवशी द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काडीसारखा, फांद्या फुटलेला, रबरासारखा पांढरट तुकडा बाहेर टाकते. याला ‘प्लास्टिक ब्राँकायटिस’ म्हणतात. प्लास्टिक या पदार्थाशी त्याचा काही संबंध नाही, साच्यासारखा आकार घेणारा एवढाच त्या शब्दाचा इथे अर्थ आहे. मोठा साचा अडकला तर जीव गुदमरतो, त्यामुळे असे काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. तो तुकडा टाकून न देता स्वच्छ डबीत ठेवावा, निदान त्याचा फोटो काढावा, कारण डॉक्टरांना निदानासाठी त्याहून मोठा पुरावा लागत नाही.

तिसरा चेहरा आतड्यातला, आणि तो सर्वांत फसवा. लसिका आतड्याच्या पोकळीत गळते आणि तिच्याबरोबर शरीरातली प्रथिने शौचावाटे निघून जातात. फाँटननंतर काही महिन्यांनी किंवा कित्येक वर्षांनी, कधी एखाद्या जंतुसंसर्गानंतर, हा त्रास सुरू होतो. सकाळी डोळ्यांभोवती सूज, पाय जड, पोट मोठे, अधूनमधून जुलाब. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन डेसिलिटरला, म्हणजे शंभर मिलिलिटरला, साडेतीन ते पाच ग्रॅमच्या नेहमीच्या पातळीवरून तीनच्या खाली घसरते. याचे नाव ‘प्रोटीन लॉसिंग एन्टेरोपॅथी’, म्हणजे आतड्यावाटे प्रथिने गमावणे.

टीबी, दमा की किडनी?

आपल्याकडे ‘छातीत पाणी झाले’ म्हटले की मनात पहिला विचार क्षयाचा येतो, आणि आपल्या देशात तो यायलाही हवा. अडचण अशी आहे की क्षयाच्या पाण्यात आणि लसिकेच्या पाण्यात, दोहोंतही लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भरपूर असतात. रुग्णाच्या हृदयाचे ऑपरेशन झालेले आहे हे सांगितलेच गेले नाही, तर केवळ त्या पेशींवरून चुकीच्या दिशेने जाणे सहज शक्य आहे. तसेच प्लास्टिक ब्राँकायटिसची सुरुवात दम्यासारखी वाटते, आणि आतड्यातल्या गळतीमुळे आलेली सूज मूत्रपिंडाच्या विकारासारखी.

समाधानाची गोष्ट अशी की पहिल्या पायरीच्या तपासण्या साध्या आहेत. छातीतून काढलेल्या पाण्यातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे स्निग्धांश, मोजायचे. ते डेसिलिटरला ११० मिलिग्रॅमच्या वर असले तर ते पाणी लसिकेचे असण्याची दाट शक्यता असते, पन्नासच्या खाली असले तर शक्यता कमी. मधल्या आकड्यांसाठी आणखी एक तपासणी करतात. कोलेस्टेरॉलच्या तपासणीत रक्तातले ट्रायग्लिसराइड मोजणारी जवळजवळ कोणतीही प्रयोगशाळा ही चाचणी करू शकते. फक्त रुग्ण उपाशी असेल तर आकडा फसवा येतो, हे लक्षात ठेवावे लागते. सुजेच्या बाबतीत रक्तातले अल्ब्युमिन कमी असून लघवीत प्रथिने जात नसतील, तर आतड्याचा विचार करायचा, आणि शौचातल्या अल्फा-वन अँटिट्रिप्सिन या प्रथिनाच्या तपासणीने तो पक्का करायचा. गरज असते ती कोणीतरी प्रश्न विचारण्याची, आणि तो प्रश्न नातेवाइकाने विचारला तरी त्यात वावगे काही नाही: “ऑपरेशन झालेलं आहे, हे पाणी लसिकेचं असेल का?”

पाणी काढत राहिले तर पुरे नाही का?

छातीत पाणी साचले की फुफ्फुस दाबले जाते, म्हणून ते काढावे लागते हे खरे. पण बाटलीत जमणाऱ्या द्रवात नुसते पाणी नसते. त्यात मुलाने खाल्लेले स्निग्ध पदार्थ असतात, प्रथिने असतात, अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे असतात, रोगाशी लढणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे असतात, आणि रक्त नको तिथे गोठू नये म्हणून काम करणारे घटकही असतात. रोज शेकडो मिलिलिटर गळत राहिले तर मूल डोळ्यांदेखत वाळते, जंतुसंसर्गाला बळी पडते आणि त्याच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. ती गुठळी पुन्हा वक्षनलिकेच्या मुखाशी झाली तर गळती आणखी वाढते. म्हणून डॉक्टर गळलेल्या पाण्याचा रोज हिशेब ठेवतात, आणि त्या जागी अल्ब्युमिन किंवा प्रतिपिंडे शिरेतून देतात. रोजच्या त्या आकड्याची एक छोटी वही नातेवाइकांनीही ठेवावी असे मला वाटते, कारण उपचार लागू पडतो आहे की नाही हे त्यावरून जितके कळते तितके दुसऱ्या कशावरूनही कळत नाही.

स्वयंपाकघरातला उपचार

शस्त्रक्रियेनंतरचे बहुसंख्य कायलोथोरॅक्स पुन्हा ऑपरेशन न करता थांबतात, आणि त्यात आहाराचा वाटा मोठा आहे. जेवणातले नेहमीचे स्निग्ध पदार्थ काढून टाकले की लसिकेचा ओघ कमी होतो, फाटलेल्या जागेला भरून यायला वेळ मिळतो. ऊर्जा कमी पडू नये म्हणून ‘एमसीटी’ (मीडियम चेन ट्रायग्लिसराइड) नावाचे खास तेल किंवा त्यापासून बनवलेली दुधाची पावडर देतात. या तेलातले स्निग्ध घटक मध्यम लांबीच्या साखळीचे असल्याने ते लसिकावाहिन्यांची वाट न धरता थेट रक्तात जातात. तान्ह्या बाळासाठी काही रुग्णालये आईच्या दुधातली साय यंत्राने काढून तेच दूध परत देतात. एवढ्याने भागले नाही तर काही दिवस तोंडाने काहीच न देता सगळे पोषण शिरेतून देतात, आणि आतड्याकडचा ओघ कमी करण्यासाठी ऑक्ट्रिओटाइड हे औषध वापरतात. त्याचा गुण प्रत्येकाला सारखा येत नाही.

घरी आल्यावर हा आहार सहसा काही आठवडे चालू ठेवायचा असतो आणि खरी परीक्षा तिथेच होते. आपल्या स्वयंपाकात तेल दिसते ते फोडणीत, पण लपलेले असते ते शेंगदाण्याच्या कुटात, सुक्या खोबऱ्याच्या वाटणात, तिळाच्या चटणीत. आजारातून उठलेल्या नातवाला आजी मायेने तुपाची धार घालते, आणि दोन दिवसांनी छातीत पाणी परत भरते. फोडणीविना वरण, भात, तूप न लावलेली पोळी किंवा ज्वारीची भाकरी, साय पूर्ण काढलेले दूध आणि त्याचे ताक, अंड्याचा पांढरा भाग, मूग, भाज्या आणि फळे एवढ्यांत मुलाचे पोट चांगले भरते. आपल्याकडच्या द्राक्षांत आणि मनुकांत स्निग्धांश नावालाच असतो, त्यामुळे ती द्यायला हरकत नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो: खोबरेल तेलात हेच घटक असतात म्हणे, मग महागडे तेल कशाला? खोबरेल तेलात अशा मध्यम साखळीचे घटक आहेत खरे, पण त्याचा जवळजवळ अर्धा भाग लॉरिक आम्लाचा असतो, आणि त्यातला बराचसा लसिकेच्याच वाटेने जातो. म्हणून ते औषधी तेलाची जागा घेऊ शकत नाही. उलट, सगळेच स्निग्ध पदार्थ महिनोन्महिने बंद ठेवणेही घातक असते, कारण काही मेदाम्ले शरीराला बाहेरूनच मिळावी लागतात. पथ्य किती दिवस ठेवायचे आणि कसे सोडायचे हे ऑपरेशन झालेल्या केंद्रानेच ठरवायला हवे.

वाहिनी बंद केली तर लसिका जाणार कुठे?

पथ्य आणि औषधांनी गळती थांबली नाही तर वक्षनलिका बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया १९४८ पासून माहीत आहे. १९९८ साली अमेरिकेत कॉन्स्टंटिन कोप यांनी छाती न उघडता, पोटातून सुई घालून, वक्षनलिका आतून बंद करण्याची पद्धत दाखवली. आता जांघेतल्या लसिकाग्रंथीत सोनोग्राफीच्या मदतीने सुई टोचून खसखशीच्या तेलापासून बनवलेले, आयोडीनयुक्त तेल सोडतात. ते सावकाश वर चढत जाते आणि क्ष-किरणांत लसिकेचा सगळा मार्ग उमटतो. एमआरआयवरही असा नकाशा मिळू शकतो. गळतीची जागा कळली की तारेची बारीक वेटोळी आणि एक प्रकारचा गोंद वापरून ती बंद करतात.

इतकी महत्त्वाची वाहिनी बंद केल्यावर पाणी तुंबणार नाही का, ही शंका अगदी रास्त आहे. शिरांतला दाब नेहमीसारखा असेल, तर लसिकेला रक्तात मिसळण्याच्या इतर अनेक बारीक वाटा असतात आणि त्या काम उचलतात. फाँटन झालेल्या मुलात मात्र सगळ्याच वाटांच्या तोंडाशी पूर आहे. तिथे मुख्य वाहिनी सरसकट बंद केली तर छातीतली गळती थांबून पोटात सूज आणि आतड्यातली गळती सुरू होऊ शकते. म्हणून अशा मुलांत, शक्य असेल तेव्हा, मुख्य वाहिनी राखून फक्त फुफ्फुसाकडे जाणारी आडवाट बंद करण्याकडे कल आहे. फिलाडेल्फियातल्या बालरुग्णालयातील योआव डोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या पद्धतीने प्लास्टिक ब्राँकायटिसच्या बहुतेक रुग्णांना आराम मिळाल्याचे प्रसिद्ध केले. त्याच्या काही वर्षे आधीपर्यंत या आजारामागे लसिकेची आडवाट आहे हेच नीट दाखवता येत नव्हते. वक्षनलिकेचे तोंड ज्या शिरेत उघडते ती शीरच कमी दाबाच्या कप्प्याकडे वळवायची, अशी शस्त्रक्रियाही मोजक्या केंद्रांत करतात. तिच्यात रक्तातला ऑक्सिजन थोडा कमी होतो, म्हणजे तोही सौदाच.

आतड्यातल्या गळतीवर इतका नेमका उपाय अजून हाती नाही. भरपूर प्रथिनांचा आणि कमी स्निग्धांशाचा आहार, ब्युडेसोनाइडसारखी औषधे, फाँटनच्या मार्गात कुठे अरुंदपणा असेल तर तो मोकळा करणे, आणि काहींच्या बाबतीत शेवटी हृदयप्रत्यारोपण, असा तो लांबचा रस्ता आहे.

सर्जनची चूक झाली का?

हा प्रश्न नातेवाइकांच्या मनात येतो आणि तो मनात दाबून ठेवण्यापेक्षा विचारलेला बरा. वक्षनलिकेची भिंत पातळ आणि पारदर्शक असते. ऑपरेशनसाठी रुग्ण उपाशी असल्यामुळे तिच्यातला द्रवही रंगहीन असतो, आणि तिची वाट प्रत्येक माणसात थोडी वेगळी असते. न दिसणारी गोष्ट टाळणे कठीण असते. म्हणूनच गळती शोधायला पुन्हा ऑपरेशन करायचे ठरले, तर सर्जन काही तास आधी रुग्णाला मुद्दाम साय किंवा तेल देतात, म्हणजे फाटलेल्या जागेतून पांढरा द्रव येताना दिसतो. शिवाय दाबामुळे होणाऱ्या गळतीत कुठे काही कापले गेलेलेच नसते. हृदयाची दुरुस्ती उत्तम झालेली असूनही लसिका गळू शकते. मात्र गळती सुरू झाल्यावर हृदयात काही अडथळा राहिला आहे का, हे डॉक्टरांनी पुन्हा तपासायला हवे आणि तसे तपासले का, असे नातेवाइकांनी विचारायलाही हवे.

बायपास झालेल्यांच्या पायाची सूज

बायपासनंतर ज्या पायातून शीर काढली तो पाय सुजतो, तेव्हा अनेकांना असाच काही दुर्मीळ आजार झाल्याची भीती वाटते. शीर काढताना तिच्याभोवतीच्या लसिकावाहिन्याही दुखावतात, त्यामुळे काही आठवडे सूज राहणे नेहमीचे आहे. पाय उंच ठेवणे, चालणे आणि डॉक्टरांनी सांगितलेला मोजा घालणे यांनी ती उतरते. पाय एकदम दुखून सुजला, लाल झाला किंवा धाप लागली, तर मात्र गुठळीची शक्यता असते आणि त्याच दिवशी दाखवायला हवे. प्रौढांत बायपासनंतर छातीत लसिका साचणे फार विरळा आहे.

नाशिकला परतल्यावर

लसिकेचा नकाशा काढण्याची आणि ती आतून बंद करण्याची सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्याच केंद्रांत आहे. पण गळती पहिल्यांदा ध्यानात येते ती बहुधा घरी. मूल दूध पिताना दमते, रात्री उशी उंच लागते, वजन न खाता-पिता अचानक वाढते किंवा खाऊनही घटते, चपलेचा पट्टा पायात रुततो, खोकल्यातून फांदीसारखा तुकडा पडतो. यांपैकी काहीही दिसले तर जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे जाताना डिस्चार्ज कार्ड, शेवटचा इको (हृदयाच्या सोनोग्राफीचा अहवाल) आणि छातीच्या पाण्याचे जुने अहवाल बरोबर न्यावेत, आणि ऑपरेशनचे नाव तोंडाने सांगावे, कारण ‘हृदयाला भोक होतं’ एवढ्या वर्णनात साधे भोक बुजवलेले मूल आणि फाँटन झालेले मूल दोन्ही येतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नये. फाँटन झालेल्या मुलाच्या रक्तातले अल्ब्युमिन वर्षातून किमान एकदा, तब्येत ठणठणीत दिसत असली तरी, तपासून घ्यावे आणि तो आकडा तारखेसह त्याच वहीत लिहून ठेवावा.